फिजिओला नवीन आलेल्यांसाठी: कायरोप्रॅक्टिककडे कसं बघायचं

बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, अ‍ॅडमिशन झालं की घरात कुणीतरी विचारतंच, "ते मान कटकन मोडतात ते शिकवतात का तुम्हाला?" ते म्हणजे कायरोप्रॅक्टिक, मणक्याला आणि सांध्यांना हाताने झटका किंवा दाब देऊन करायचा उपचार. मग हॉस्टेलवर त्यावरून वाद. एमबीबीएसवाले मित्र "सगळा फ्रॉड आहे" म्हणून मोकळे होतात, आपल्यातले काहीजण रील्स बघून भारावलेले असतात, आणि वाचलेलं दोघांनीही फारसं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की हाताचं काम वेगळं तपासा आणि त्यामागचा दावा वेगळा. हे सगळं सुरू झालं १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला, डी. डी. पामरने एका माणसाच्या मणक्यावर दाब देऊन त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला तिथून. मणका सरकला की बहुतेक आजार होतात ही त्याची थिअरी, तिला पुरावा नाही, त्यामुळे पाठ दाबून दमा बरा करतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं. कंबरदुखीचं मात्र तसं नाही. नाइस म्हणजे उपचारांच्या गाइडलाइन काढणारी ब्रिटनची संस्था, तिच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये मॅनिप्युलेशन (हाताने सांध्याला दिलेला झटका) आहे, फक्त एकटं नाही, व्यायामासोबतच. आणि आपण मेटलंडच्या ग्रेड शिकतो, म्हणजे सांधा हाताने किती हलवायचा त्याच्या पायऱ्या, त्यात चारच्या पुढचा झटक्याचा थ्रस्ट म्हणजे तेच की. तो कट् आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी होते त्याचा असतो, हे पेशंटला नक्की सांगा.

इंटर्नशिपला एक काका आलेले. उसण भरली म्हणून आधी गावात पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतला, मग मसाज, मग कुठेतरी अ‍ॅडजस्टमेंट (कायरोप्रॅक्टरचा झटका), आणि आता पायाला मुंग्या. आमच्या मॅडमनी पाठीला हातच लावला नाही आधी. लघवी नीट होते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, टाचांवर चालून दाखवा, पायाचा अंगठा वर उचला, म्हणजे नस दाबली गेलीय का ते आधी बघितलं. अंगठा ढिला पडत होता, लगेच ऑर्थोकडे पाठवलं. हे प्रश्न पाठ करा, कुठल्याही टेक्निकच्या आधी.

मानेच्या झटक्याबाबत जास्तच जपा, धमनीला इजा होऊन स्ट्रोक झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, दुर्मिळ असल्या तरी. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरला रजिस्ट्रेशन लागतं, आपल्याकडे त्यांची वेगळी सरकारी कौन्सिलच नाही, म्हणून कोण कुठे शिकलंय ते विचारावंच लागतं. पुढे ऑस्ट्रेलिया-यूकेला गेलात तर शेजारच्याच रूममध्ये रजिस्टर्ड कायरोप्रॅक्टर असेल, त्याच्याशी बोलायची तयारी ठेवा.

आणि पेशंट म्हणाला की मी तिकडे जाऊन आलो, तर हसू नका, हसलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. मानेला झटका दिला का, नंतर चक्कर आली का, बोलताना जीभ अडखळली का, विचारा आणि केसपेपरवर लिहा.