संचालक मंडळासमोर प्रस्ताव मांडताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीला, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला, विजेवर धातू वितळवणारी नवी इंडक्शन भट्टी घ्यायची असेल, तर संचालक मंडळापुढील सादरीकरणाची पहिली स्लाइड भट्टीच्या छायाचित्राची नसावी. मंडळाकडून नेमका कोणता ठराव, किती रकमेचा आणि कोणत्या मुदतीत हवा आहे, हे तिच्यावर एका वाक्यात लिहावे. त्यानंतर कर्जाचा हप्ता, प्रतिटन धातू वितळवण्यास लागणारी वीज आणि सदोष ठरणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) प्रमाण यांचे आजचे व अपेक्षित आकडे शेजारीशेजारी मांडावेत. मागणी घटल्यास हप्ते कसे फेडणार, हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर स्वतःहून द्यावे, कारण जोखीम लपवणाऱ्यावर मंडळ पुन्हा सहजी विश्वास ठेवत नाही.

कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना सर्वसाधारणपणे किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. प्रस्तावाचे टिपणही तिच्याबरोबरच पाठवावे, म्हणजे बैठकीचा वेळ वाचनात जात नाही. कागदपत्रे इंग्रजीत असली, तरी आपल्याकडे मराठी आणि कन्नड भाषक संचालक एकाच मेजाभोवती बसतात, म्हणून मुख्य मुद्दे दोन्ही भाषांत सांगण्याची तयारी जरूर करावी. एखादे उत्तर ठाऊक नसल्यास अंदाज न बांधता, ते कोणत्या तारखेपर्यंत देणार हे सांगून तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.