शे इंजिन अडखळतंय? मोटर उघडण्याआधी शाफ्ट बघा

शे इंजिन म्हणजे जंगलातून लाकूड वाहणारं वाफेचं रेल्वे इंजिन. त्याचं मोटरवर चालणारं छोटं मॉडेल नवखा माणूस हातात घेतो आणि हमखास विचारतो, "हे वाकडं जोडलंय का?" नाही हो. उजव्या अंगाला उभे सिलिंडर असतात. त्यांचं वजन तोलायला बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो. मिशिगनमधल्या एफ्राइम शे या लाकूड व्यावसायिकानं १८८१ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. जंगलातले रूळ हलके आणि उंचसखल, चढ उभे, वळणं आवळलेली. म्हणून इंजिनाच्या कडेनं एक लांब शाफ्ट जातो आणि गिअरमार्फत प्रत्येक चाक ओढायला लावतो. ओहायोतल्या लिमा कारखान्यातून १९४५ पर्यंत अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बाहेर पडली.

मॉडेलचीही बहुतेक दुखणी याच शाफ्टपाशी निघतात. तरी लोक आधी मोटरच उघडतात, का ते मला कळत नाही.

मी शाफ्टवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावते, दुसरा एका चाकावर. मग इंजिन सरळ रुळावर अगदी रांगत चालवायचं आणि मोजायचं. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच 'टक' होत असेल, तर चाकाचा गिअर तडकलाय किंवा दात्यांत खडा अडकलाय. शाफ्टच्या फेऱ्याला एक 'टक' असेल, तर शाफ्टवरचा छोटा गिअर तपासा. आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन हिसके बसत असतील, तर संशय युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे शाफ्ट तिरपा झाला तरी फेरा पुढे नेणाऱ्या सांध्यावर.

हा शेवटचा दोष बहुधा माणसानंच घातलेला असतो. मधल्या शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात, आणि ते चौकोनी असले की उघडून परत घालताना पाव फेरा चुकीचे बसू शकतात. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे सांध्याची दुबेळकी, एकाच पातळीत हवेत. एक उभा, एक आडवा असेल तर वेग सतत कमीजास्त होत राहतो. ओढून काढा, पाव फेरा फिरवून घाला, काम झालं.

इंजिन फक्त वळणावरच अडत असेल, तर वळण कोणत्या बाजूचं ते बघा. शाफ्ट उजवीकडे असल्यामुळे उजव्या वळणावर बोग्यांमधलं (बोगी म्हणजे इंजिनाखालची चाकांची फिरती चौकट) त्या बाजूचं अंतर कमी होतं आणि सरकत्या शाफ्टची आतली कांडी तळाला टेकते. तिचं टोक बारीक कानशीनं थोडं थोडं घासायचं, दर वेळी चालवून बघायचं. जास्त घासलीत, तर डाव्या वळणावर कांडी बाहेर निसटेल.

तडकलेला प्लॅस्टिकचा गिअर चिकटवत बसू नका. धातूच्या अ‍ॅक्सलवर तो घट्ट ठोकलेला असतो, त्या ताणानंच फुटतो. चिकटवला तरी फटीपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलंच राहतं. सरळ बदला. उघड्या गिअरवर दाट ग्रीस थापू नका, धूळ आणि केस तिथेच गोळा होतात. जुन्या टूथब्रशनं दाते साफ करा आणि प्लॅस्टिकला चालणारं वंगण सुईच्या टोकानं लावा.

मॉडेलमध्ये वाफेच्या फुसकाऱ्यांचा डिजिटल आवाज असेल तर तोही जुळवून घ्या. तीन सिलिंडरच्या शे इंजिनात शाफ्टच्या एका फेऱ्याला सहा फुसकारे निघतात आणि चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट दोनाहून जास्त फेरे घेतो. म्हणजे चाकामागे बाराहून अधिक फुसकारे. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चारच. गाडी माणसाच्या चालीनं जात असताना आवाज मेलगाडीचा आला, तर तो बरोबर आहे.

क्लायमॅक्स आणि हाइस्लर या शेच्या गिअरवाल्या भावंड इंजिनांत शाफ्ट पोटाखाली मधोमध असतो, त्यामुळे ठिपका बघायला इंजिन उलटं धरावं लागतं. हाइस्लरच्या बोगीत गिअर एकाच अ‍ॅक्सलला असतो, दुसरा साइड रॉडनं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या बाहेरच्या दांडीनं, जोडलेला. तिथे हिसका बसला, तर आधी रॉड काढून चालवून बघा.