‘स्टबर्न’ आणि त्याचा गोतावळा : इंग्रजी समानार्थी शब्दांतला फरक कसा ओळखावा

इंग्रजीत लिहिताना एकच शब्द दोनदा आला की आपण समानार्थी शब्दांची यादी उघडतो आणि त्यातला जरा भारदस्त दिसणारा शब्द उचलून वाक्यात बसवतो. घोटाळा इथेच होतो. यादीत शेजारी बसलेले शब्द वाक्यात एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. कौतुक करायला जावं आणि अपमान होऊन बसावा, इतका फरक पडू शकतो. तो ओळखायची पद्धत ‘स्टबर्न’ या एका शब्दावर करून पाहू. त्याचा गोतावळा मोठा आहे : ऑब्स्टिनेट, पिग-हेडेड, ॲडमंट, पर्सिस्टंट, टेनेशस, रेझोल्यूट, डिटरमिन्ड, फर्म.

पायरी १ : मूळ शब्द आधी पक्का करा

इंग्रजी-मराठी कोशात ‘हट्टी’ हा अर्थ सापडतो आणि तो बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला एखादा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. हे कोश वाटतात तितके अवघड नसतात. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या कोशात अर्थ सांगण्यासाठी साधारण २००० सोपेच शब्द वापरले आहेत. १९८७च्या कॉलिन्स कोबिल्डमध्ये तर अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे शब्द कसा वापरायचा हेही तिथेच कळतं.

असा कोश पाहिला की ‘स्टबर्न’चे दोन अर्थ दिसतात. एक माणसाचा : आपलं म्हणणं काही केल्या न सोडणारा. दुसरा वस्तूचा : सहजी न जाणारा, दाद न देणारा. ‘स्टबर्न स्टेन’ म्हणजे घासूनही न निघणारा डाग. हा दुसरा अर्थ ‘हट्टी’ एवढंच पाठ करणाऱ्याच्या हाती लागत नाही.

पायरी २ : बोलणारा कोणत्या बाजूने पाहतोय ते विचारा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो इथे. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात जे सांगितलं, त्याचा मथितार्थ असा : मी ‘फर्म’ आहे, तू ‘ऑब्स्टिनेट’ आहेस, तो ‘पिग-हेडेड’ मूर्ख आहे. मराठीत म्हणायचं तर मी ठाम, तू हटवादी, तो आडमुठा. वागणं तिघांचं एकच. बदलते ती बोलणाऱ्याची मर्जी.

म्हणून कागदावर एक आडवी रेघ ओढा. एका टोकाला कौतुक, दुसऱ्या टोकाला नापसंती लिहा आणि शब्द त्यावर मांडा. ‘रेझोल्यूट’, ‘डिटरमिन्ड’ आणि ‘टेनेशस’ कौतुकाकडे जातात. ‘फर्म’ही त्याच बाजूला, पण सौम्य. ‘पर्सिस्टंट’ मधोमध राहतो, कारण त्यात फक्त सातत्य आहे. चांगलं की वाईट हे पुढचा शब्द ठरवतो. ‘पर्सिस्टंट ऑफेंडर’ म्हणजे पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा. ‘स्टबर्न’ नापसंतीकडे झुकतो, तरी कधी त्यात प्रेमही असतं. ‘ऑब्स्टिनेट’मध्ये समजावूनही न ऐकण्याचा दोष येतो आणि ‘पिग-हेडेड’ ही सरळ टीका आहे, तीही बोलीभाषेतली.

‘ॲडमंट’ या रेघेवर नीट बसत नाही, आणि ते का हे पाहण्यासारखं आहे. ‘स्टबर्न’ हा स्वभाव असू शकतो, जन्मभराचा. ‘ॲडमंट’ बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक मुद्द्यापुरता असतो. एरवी मवाळ असलेला माणूसही एका प्रश्नावर ‘ॲडमंट’ होऊ शकतो. मराठीतलं ‘अडून बसणं’ त्याच्या सर्वांत जवळ जातं.

मराठीचा इथे खरा उपयोग होतो. हट्टी, हेकेखोर, दुराग्रही, चिवट, जिद्दी, ठाम या शब्दांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर यांतला एकेक लिहा. ‘टेनेशस’समोर ‘चिवट’ लिहिलात की तो पुन्हा चुकणार नाही. धरून ठेवणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासूनच तो आला आहे.

पायरी ३ : शब्दाची सोबत पाहा

न हटणाऱ्या खोकल्यासाठी डॉक्टर ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. डागाला ‘स्टबर्न’ लागतं. पकड आणि स्मरणशक्ती ‘टेनेशस’ असते. डाग ‘रेझोल्यूट’ होऊ शकत नाही, कारण निर्धार करायला मन लागतं. अशा बहुतेक जोड्या मात्र तर्काने काढता येत नाहीत, वाचनातूनच कळतात. शंका आली तर ‘कॉर्पस’चा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या मजकुराच्या संग्रहाचा, आधार घ्या. ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ या संग्रहात शंभर कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर आहे आणि कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो हे त्यात शोधता येतं.

पायरी ४ : वाक्यातली जागा तपासा

‘स्टबर्न’ नामाच्या आधीही येतो, नंतरही. ‘ॲडमंट’ मात्र सहसा क्रियापदानंतर येतो आणि त्याच्यामागून ‘दॅट’ : ‘शी वॉज ॲडमंट दॅट...’ ‘डिटरमिन्ड’नंतर ‘टू’ आणि क्रियापद. कोशातली उदाहरणाची वाक्यं मोठ्याने वाचली की हे कानात बसतं.

पायरी ५ : अदलाबदल करून पाहा

एकच वाक्य घ्या आणि फक्त विशेषण बदलत जा. समजा, विद्यार्थिनीसाठी शिफारसपत्र लिहिताय आणि ‘ती अडचणींपुढे हार मानत नाही’ असं सांगायचंय. ‘स्टबर्न’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, हिच्याशी जमवून घेणं कठीण. ‘ऑब्स्टिनेट’ने पत्रच वाया जाईल. ‘डिटरमिन्ड’ निर्धास्तपणे वापरा. बराच काळ एखाद्या कामाचा पिच्छा पुरवला असेल तर ‘टेनेशस’ जास्त नेमका.

थिसॉरसचं, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाचं काय, असा प्रश्न येईल. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ साली निघाला. त्याची रचना अक्षरक्रमाने नव्हती, कल्पनांनुसार होती. कल्पना मनात आहे आणि शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी तो होता. तेव्हा थिसॉरस जरूर उघडा, पण त्यातला अनोळखी शब्द थेट वाक्यात घालू नका. आधी तो कोशात पाहा आणि रेघेवर मांडा.

सरावासाठी पुढचा गट ‘थिन’चा घ्या : स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी, गॉन्ट. रेघेपासूनच सुरुवात करा.