पन्नाशीत नोकरी सोडायची असेल तर आधी खर्चाची वही काढा

लवकर रिटायर व्हायचंय म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या फंडात टाकू? माझ्या मते हा प्रश्न चौथा-पाचवा आहे. पहिला प्रश्न हा, की आपल्या घराला महिन्याला नक्की किती लागतात, आणि खरं सांगते, आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. आम्ही चिंचवडला राहतो, दोघं नोकरी करतो, दोन मुलं, सासूबाई आमच्याजवळ. नवऱ्याला बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून गावच्या शेताकडे बघायचंय म्हणून सात वर्षांपूर्वी आम्ही हे सुरू केलं. जे जमलं ते क्रमाने सांगते.

पायरी १: तीन महिने फक्त लिहा

दोनशे पानी साधी वही घ्या. रात्री जेवणं आवरली की पाच मिनिटं बसायचं, मोबाईलवरचे यूपीआयचे व्यवहार उघडायचे, रोख दिलेलं आठवायचं आणि लिहून टाकायचं. ॲपही चालेल, पण वही ओट्याजवळ पडलेली असली की घरातला प्रत्येकजण लिहितो, आमची धाकटी पेन्सिलचे पाच रुपयेसुद्धा लिहायची. या तीन महिन्यांत काही कमी करू नका, नुसतं लिहा. शाळेची फी, विम्याचे हप्ते, मिळकतकर, दिवाळी असे वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून महिन्याच्या हिशोबात धरा, इथेच सगळ्यांचं गणित चुकतं.

आमचा अंदाज होता पस्तीस हजार, निघाले ४८,०००. सगळ्यात मोठा धक्का हॉटेलचा नव्हता, देण्याघेण्याचा होता. लग्नांचे आहेर, मुंजी, बारशी, वास्तुशांती, त्यासाठी जाणं-येणं आणि प्रत्येक वेळी नवीन साडी.

पायरी २: आपला आकडा काढा

वर्षाचा खर्च गुणिले ३०. एवढी रक्कम साठली की तिच्यावर घर चालू शकतं असा ढोबळ हिशोब. अमेरिकेत १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने तिथल्या बाजाराचे जुने आकडे तपासून मांडलं होतं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात. त्या हिशोबाने २५ पट होतात, पण आपल्याकडे महागाई जास्त आणि पन्नाशीत थांबणाऱ्याला पैसे चाळीस वर्षं पुरवायचे, म्हणून ३० पट तरी धरा, ३३ धरलेत तर अजून बरं.

आता मुद्दा नीट बघा. ४८,००० महिना म्हणजे वर्षाला ५ लाख ७६ हजार, त्याच्या ३० पट १ कोटी ७२ लाख ८० हजार. पहिल्या दीड वर्षात आम्ही खर्च ४०,००० वर आणला, तर हाच आकडा १ कोटी ४४ लाख झाला. म्हणजे महिन्याचे आठ हजार तर शिल्लक पडायला लागलेच, वर जे गाठायचंय तेही २८ लाख ८० हजारांनी जवळ आलं. पगारवाढीने हे होत नाही, पगार वाढला तर फक्त शिल्लक वाढते. कायमचा कमी झालेला खर्च दोन्ही बाजूंनी कामाला येतो, म्हणून मी काटकसरीच्या एवढी मागे लागते.

किती वर्षं लागतील हे पगाराच्या आकड्यावर नाही, पगारातला कितवा हिस्सा वाचतो त्यावर ठरतं. महागाई वजा जाता गुंतवणूक ४ टक्क्यांनी वाढते असं धरलं आणि शून्यापासून सुरुवात केली, तर पगाराचा चौथा हिस्सा वाचवणाऱ्याला सुमारे ३९ वर्षं लागतात, निम्मा वाचवणाऱ्याला २० आणि साठ टक्के वाचवणाऱ्याला १५. यात एक अट आहे, एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात आपोआप जाणारी ठरलेली रक्कम, दर वर्षी महागाईइतकी तरी वाढवायची, पाच वर्षं तीच रक्कम ठेवली तर हे गणित कोसळतं.

पायरी ३: आधी मोठ्या गोष्टी

चहा सोडून कोणी रिटायर होत नाही. घराचा हप्ता, गाडी आणि सोनं, इथे एक निर्णय बदलला तर दहा वर्षांच्या चहाएवढे पैसे वाचतात. चाळीस लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं, तर हप्ता साधारण ३४,७०० येतो. दर वर्षी फक्त एक हप्ता जास्तीचा भरत गेलात तर कर्ज सव्वातीन-साडेतीन वर्षं आधी फिटतं, आणि फ्लोटिंग रेटच्या (व्याजदर बदलत राहणाऱ्या) गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही. बोनस आला की आम्ही पहिलं हेच करतो. गाडी जुनीच आहे, चालतेय तोवर चालवणार. सोनं घ्यायचंच असेल तर दागिना नको, कारण घडणावळ मोडताना परत मिळत नाही.

पायरी ४: स्वयंपाकघर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा खर्च रोजचा आणि आपल्या हातातला.

गहू वर्षाचा एकदम भरा, एप्रिल-मेमध्ये, नवा माल बाजारात असतो तेव्हा. आम्ही लोकवन घेतो. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात पसरायचा, गार झाला की हाताला एरंडेल घेऊन मुठीमुठीने चोळायचा, मग कोठीत थर देताना मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. गरम गहू कोठीत भरला तर आतून घाम सुटतो आणि पोरकिडे होतात, पहिल्या वर्षी माझे वीस किलो असेच गेले. तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन तूर आल्यावर घ्या. कांदा साठवायचा तर उन्हाळीच, पावसाळी हंगामातला लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आणायचा. उन्हाळी कांदा कोरड्या जागी हवेशीर पसरून ठेवला की आमच्याकडे दिवाळीपर्यंत जातो, आणि तेव्हाच बाजारात भाव चढलेले असतात.

दुधावरची साय रोज एका डब्यात फ्रीजमध्ये जमा करायची, आठवड्याने विरजण लावायचं, दुसऱ्या दिवशी घुसळायचं. लोणी वर आलं की गार पाण्याने धुवून घ्यायचं, ताकाची कढी होते, लोणी मंद आचेवर कढवायचं, तडतड थांबली आणि तळाशी बेरी बदामी झाली की लगेच गॅस बंद. आम्ही गेल्या पाच वर्षांत तूप विकत आणलेलं नाही. बेरीत साखर घालून मुलं पातेल्यातच बोटं घालून खातात, त्यासाठी भांडणं होतात.

आठवड्यातून तीन दिवस मोडाची कडधान्यं, मटकी, मूग, मसूर, हरभरा. मूठभर मटकीची भिजून मोड आल्यावर पातेलंभर उसळ होते. भाजी मंडईतून एकदाच, पिशवी आणि यादी घेऊन. ऑफिसला दोघांचे डबे. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जातो आणि तेव्हा मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूला बघत नाही.

विजेचं पटकन सांगते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटांना चढा दर आणि ३०० च्या पुढे त्याहून चढा, म्हणजे वरची युनिटं वाचवली की बचत जास्त महागड्या दराने होते. गीझर, जुना फ्रीज आणि एसी, बस, एवढंच बघा.

कशात काटकसर करायची नाही

औषधं, डोळ्यांची-दातांची तपासणी, मुलांची पुस्तकं, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार. त्यांचे दोनशे रुपये कापून आपण लवकर रिटायर व्हायचं हे मला पटत नाही.

पायरी ५: वाचलेले पैसे कुठे

पगार झाला की दुसऱ्या दिवशी बचत आपोआप कापली गेली पाहिजे, महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. क्रम असा ठेवा: सहा महिन्यांचा खर्च एफडीत किंवा लिक्विड फंडात (पटकन काढता येणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड), मग टर्म इन्शुरन्स (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ आयुर्विमा) आणि आरोग्य विमा, मग पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं), मग इक्विटी, म्हणजे शेअर बाजार.

विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नका, हे कळकळीने सांगते. लग्नानंतर ओळखीच्या एजंटने आम्हाला मनीबॅक पॉलिसी (मधेमधे थोडे पैसे परत देणारा विमा) दिली, वर्षाला ४८,००० हप्ता, कव्हर जेमतेम पाच लाख. सहा वर्षांनी हिशोब मांडला आणि बंद केली तेव्हा भरलेले सगळे परत आले नाहीत, फार वाईट वाटलं होतं. त्याहून कमी हप्त्यात आता नवऱ्याचा एक कोटीचा टर्म आहे.

पीपीएफमध्ये वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या कमीत कमी शिलकीवर धरतात. तिशीत खातं उघडलं तर ते बरोबर पंचेचाळिशी-पन्नाशीत मोकळं होतं, लवकर थांबणाऱ्यासाठी ही मोठी सोय. इक्विटीत आम्ही इंडेक्स फंड (सेन्सेक्स-निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) घेतो, तोही डायरेक्ट प्लॅन, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. बाजार पडला की एसआयपी थांबवायची नाही. २०२० च्या मार्चमध्ये आमचीही झोप उडाली होती, पण चालू ठेवली.

पायरी ६: सोडायच्या आधी

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःचा निदान तीन-चार वर्षं आधी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पन्नाशीत बीपी-शुगर निघाल्यावर नवीन पॉलिसी मिळणंही अवघड होतं.

आणि राजीनाम्याआधी एक पूर्ण वर्ष ठरवलेल्या रकमेत जगून बघा, पगार येत असतानाच. नवऱ्याचा पूर्ण पगार बाजूला टाकायचा, रिटायरमेंटसाठी धरलेला महिन्याचा खर्च तेवढाच घरात आणायचा. आम्ही हे याच गुढीपाडव्याला सुरू केलं. श्रावण, गणपती अडले नाहीत, पण जूनमध्ये शाळेने खड्डा पाडला आणि आकडा महिन्याला अडीच हजारांनी वाढवावा लागला, म्हणजे ३० पटीत नऊ लाख. त्यामुळे बावन्नचं त्रेपन्न होईल असं दिसतंय, वहीत तसं लिहून ठेवलंय.