फ्रँचायझी विकताय? आधी ठरवा, गिऱ्हाईक कोणाचं

आर्णीत नागपूर-तुळजापूर हायवेला लागून माझी चहाची फ्रँचायझी होती. चार वर्षं चालवून विकायला काढली. सात लाखांत सौदा ठरला, आणि मग कंपनीचं बिल आलं.

करारात दोन ओळी होत्या. ट्रान्सफर फी ७५,००० रुपये. घेणारी पार्टी कंपनीच्या लीडमधून, म्हणजे कंपनीमार्फत, आली, तर सौद्याच्या १० टक्के वेगळे. सही करताना दुसरी ओळ मी वाचलीच नव्हती. दुकान उघडताना विकायचा विचार कोण करतो बापा!

माझी पार्टी दिग्रसची, साळभाऊच्या ओळखीची. म्हणजे गिऱ्हाईक माझंच. पण आठ महिन्यांआधी या गड्यानं पुसदच्या जागेसाठी कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला होता. विचारलं तर म्हणे, "भाऊ, त्यात काय सांगाचं, मले वाटलं." कंपनीनं तारीख दाखवली: लीड आमची.

आता हिशेब बघा. गिऱ्हाईक माझं धरलं तर ७५,००० वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८८,५००. कंपनीचं धरलं तर ७५,००० आणि १० टक्क्यांचे ७०,००० मिळून १,४५,००० वर जीएसटी, एकूण १,७१,१००. एका फॉर्मपायी ८२,६०० चा फरक. चहाच्या दुकानाला आपण ५ टक्केवाला जीएसटी भरतो, त्यात क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणून हा करही खिशातूनच गेला समजा. भांडून मी १० चे ५ टक्के करून घेतले. पुसदची चौकशी आर्णीला कशी लागू होते, एवढा एकच मुद्दा धरून बसलो होतो.

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, आणि तुम्ही सही केलेला कागद. त्यामुळे करारात 'लीड' म्हणजे काय ते शोधा: नुसती चौकशी, की कंपनीनं प्रत्यक्ष गाठ घालून दिलेली पार्टी? चौकशी किती महिने जिवंत धरतात? त्याच गावापुरती की कुठलीही? लिहिलेलं नसेल तर विकायला काढण्याआधी मेलवर विचारून घ्या. फोनवरचं बोलणं कामाचं नाही.

पार्टी आली की पहिल्या चहालाच विचारा, कंपनीकडे कुठं फॉर्म भरला काय, टोल-फ्रीवर फोन केला काय. नसेल, तर त्याच दिवशी त्याचं नाव-गाव कंपनीला मेल करा आणि 'तुमच्या यादीत नाही' असं लेखी मागवा. तोवर त्याला कंपनीला फोन करू देऊ नका. यात आणखी एक गोम आहे: नवीन दुकान विकलं की कंपनीला पूर्ण फ्रँचायझी फी मिळते, तुमच्या ट्रान्सफरमध्ये तेवढं मिळत नाही. त्यांचा सेल्सवाला तुमच्याच पार्टीला दुसऱ्या गावची जागा दाखवू शकतो.

कंपनीची लीड वाईटच असं नाही. सोयाबीन विकून हाती पैसा आला तरी आपल्या भागात दुकान घेणारे मोजकेच. सहा महिने गिऱ्हाईक नसेल आणि भाडं चालू असेल, तर १० टक्के परवडतात. फक्त ते सौदा पूर्ण झाल्यावरच द्यायचे, आगाऊ नाही.

इसारपावतीत ट्रान्सफर फी कोण भरणार, लीडचे पैसे निघाले तर कोण भरणार, हे वेगवेगळं लिहा. कंपनीला आधी स्वतः घ्यायचा हक्क करारात असेल, तर तिचा लेखी नकार येईपर्यंत इसार घेऊच नका. चाव्या मात्र ट्रान्सफरचं मंजुरीपत्र हातात आल्यावरच द्या.