पाण्याचं वय मोजायला शिकताना: ट्रिशियम-हीलियमच्या प्रयोगशाळेतले माझे अनुभव

भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या काही मुलामुलींनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला: भूजलाचं वय काढण्याच्या कामात यायचं असेल तर काय शिकून यावं? त्यांच्या यादीत मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, पहिला असतो. माझ्या यादीत तांब्याची नळी पहिली आहे, आणि असं का ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी थोडक्यात पद्धत. ट्रिशियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक. तो पाण्याच्या रेणूतच बसलेला असतो, त्यामुळे पावसाबरोबर जमिनीत उतरतो. त्याचं अर्धायुष्य १२.३२ वर्षं, आणि क्षय झाला की त्याचा हीलियम-३ होतो. पाणी भूजलपातळीच्या खाली गेलं की या हीलियमला हवेत निसटायला वाट राहत नाही, तो पाण्यातच साठतो. उरलेला ट्रिशियम आणि साठलेला हीलियम-३ दोन्ही मोजले की पाणी हवेपासून तुटून किती वर्षं झाली ते निघतं. समजा ट्रिशियम ४ एकक आहे आणि त्यापासून झालेला हीलियम १२ एकक. म्हणजे सुरुवातीला १६ होते, दोन अर्धायुष्यं उलटली, वय साडेचोवीस वर्षांच्या आसपास. एक एकक म्हणजे एकावर अठरा शून्यं इतक्या हायड्रोजन अणूंमागे ट्रिशियमचा एक अणू.

नुसता ट्रिशियम मोजून हे का जमत नाही? कारण पावसातलं त्याचं प्रमाण दरवर्षी सारखं नव्हतं. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात ते हजारो एककांवर गेलं होतं, नंतर उतरत गेलं. आज विहिरीत ४ एकक दिसले तर ते जुन्या जास्त ट्रिशियमचे उरलेले आहेत की अलीकडच्या कमी ट्रिशियमचे, हे एका आकड्यावरून ठरवता येत नाही. ट्रिशियम ही आई आणि हीलियम-३ ही लेक, दोघी एकत्र मोजल्या की सुरुवातीचा आकडा बाहेरून आणावा लागत नाही. ही कल्पना १९६९ मध्ये तोलस्तिखिन आणि कामेन्स्की यांनी मांडली. १९७६ मध्ये क्लार्क, जेन्किन्स आणि टॉप यांनी हीलियमवरून ट्रिशियम मोजण्याची रीत दिली, आणि आम्ही आजही त्याच रीतीने काम करतो.

मी पुण्यातून जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या राजवायूंच्या (हीलियम, निऑन, आर्गॉन अशा वायूंच्या) प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी गेले. पहिले तीन महिने मला यंत्राला हात लावू दिला नाही. माझ्याकडे एक लोखंडी पट्टी, तिच्यात बसवलेली तांब्याची नळी, दोन टोकांना दोन क्लॅम्प आणि एक पाना दिला. नळीत साधारण ४० ग्रॅम पाणी मावतं. एका टोकाला पंपाकडून येणारा पारदर्शक पाइप, दुसऱ्या टोकाला बाहेर जाणारा. बाहेरचं टोक वर धरायचं, पाणी वाहू द्यायचं, आणि नळीवर पान्याच्या मुठीने ठोकत राहायचं, म्हणजे आत चिकटलेले बुडबुडे सुटून निघून जातात. पारदर्शक पाइपात एकही बुडबुडा दिसेनासा झाला की बाहेर जाणारं टोक थोडं दाबून पाण्याचा दाब वाढवायचा. आधी बाहेरच्या बाजूचा क्लॅम्प आवळायचा, मग पंपाच्या बाजूचा. उलट केलं तर दाब जातो आणि नेमक्या त्या क्षणी पाण्यातला वायू सुटू लागतो. नीट आवळलं की तांबं तांब्यात दाबून एकजीव होतं. प्लॅस्टिक आणि रबर हीलियमला अडवत नाहीत. साधी काच सुद्धा त्याला हळूहळू बाहेर सोडते.

हे लिहायला चार ओळी लागल्या. हाताला बसायला मला जवळपास तीस नळ्या लागल्या.

चूक काय किंमत घेते ते पहिल्याच मोसमात कळलं. दिवसातली शेवटची विहीर होती, अंधारत आलं होतं. पंप पाण्याच्या पातळीच्या जवळ आला होता आणि पाइपात बारीक बुडबुडे येत होते. मी थांबायला हवं होतं, पंप खाली सोडायला हवा होता. मी नळ्या आवळल्या. प्रत्येक विहिरीच्या दोन जुळ्या नळ्या घेतो, म्हणून चोरी पकडली गेली. पाण्यात हवेमुळे जेवढा निऑन असायला हवा त्यापेक्षा एका नळीत ७० टक्के जास्त, तिच्या जुळीत २० टक्के. जमिनीतच जास्तीची हवा मिसळली असती तर दोन्हींत सारखी दिसली असती. ०.१ घन सेंटिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा एका नळीत सुमारे ७ एककांएवढा हीलियम-३ घालतो. वरच्या उदाहरणात तो न ओळखता सोडला, तर साडेचोवीस वर्षांचं पाणी एकतीस वर्षांचं होतं. निऑन मोजून दुरुस्ती करता येते, पण तिच्याबरोबर अनिश्चितता वाढते. मी त्या विहिरीवर पुन्हा गेले.

क्षेत्रकामाचा आणखी एक नियम: अंधारात चमकणाऱ्या तबकडीचं घड्याळ घालायचं नाही. जुन्या घड्याळांच्या रंगात ट्रिशियम असायचा, आजही काही घड्याळांत तो बारीक नळ्यांत भरलेला असतो. पाण्यात दहापेक्षा कमी एकक शोधताना असं घड्याळ नमुन्याच्या आसपासही नको.

प्रयोगशाळेत नमुन्याचे दोन भाग होतात. तांब्याच्या नळीतले वायू काढून हीलियम आणि निऑन लगेच मोजतात. ट्रिशियमसाठी अर्धा ते एक लिटर पाणी वेगळं आणलेलं असतं. निर्वातात हलवून त्यातला सगळा हीलियम आधी काढून टाकायचा, भांडं कायमचं बंद करायचं, आणि साधारण सहा महिने थांबायचं. त्या काळात क्षयाने जो नवा हीलियम-३ तयार होतो तो मोजून ट्रिशियम काढतात. १ एकक असलेल्या एक लिटर पाण्यात ट्रिशियमचे सुमारे ६.७ कोटी अणू असतात. सहा महिन्यांत त्यातले साडेअठरा लाखांच्या आसपास क्षय पावतात. आम्ही मोजतो ते एवढेच.

आता हवेकडे बघा. एक घन सेंटिमीटर हवेतही हीलियम-३ चे एकोणीस कोटींच्या आसपास अणू असतात. म्हणजे सहा महिन्यांत त्या भांड्यात एका घन सेंटिमीटरचा शंभरावा हिस्सा हवा शिरली, तरी तिने आणलेला हीलियम आपल्या मोजमापाएवढाच होतो. सुदैवाने हवा हीलियम-४ सुद्धा आणते आणि ट्रिशियममधून तो कधीच तयार होत नाही, त्यामुळे गळती उघडी पडते. पण सहा महिने गेलेले असतात. म्हणून या कामात येणाऱ्याने निर्वात तंत्र हातात आणावं: सांधे बंद करणारे धातूचे गॅस्केट कसे बसतात, झडप किती आवळावी, दाब चढतोय तो गळतीमुळे की भिंतींतून सुटणाऱ्या वायूमुळे, हे ओळखता यावं. आमच्याकडे हीलियमचा सिलिंडर त्या मजल्यावरही आणत नाहीत. गळती शोधायला सांध्यांवर आर्गॉन फवारतात आणि यंत्रावर ४० वस्तुमानाचा, म्हणजे आर्गॉनचा, आकडा हलतो का ते पाहतात.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही. ते शिकवलं जातं आणि सहा महिन्यांत येतं. हीलियम-३ आणि हायड्रोजन-ड्यूटेरियमचा रेणू यांचं वस्तुमान जवळजवळ सारखं असतं, ते वेगळे दिसलेच पाहिजेत, एवढं लक्षात ठेवून या.

आकडे आल्यावर खरं भूशास्त्र सुरू होतं. उत्तर जर्मनीतल्या सपाट प्रदेशात हिमयुगातल्या वाळू-खडीचे जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे थर, आहेत आणि निरीक्षण विहिरींना खाली छोटीच जाळी असते, त्यामुळे पाणी ठरावीक खोलीवरून येतं. ही पद्धतीला मानवणारी जागा. तरी मक्याच्या शेतांखालच्या काही विहिरींत निऑन असायला हवा त्याहून कमी निघाला आणि मी दोन आठवडे माझ्याच कामात चूक शोधत बसले. कारण शेतातच होतं. खतांतून आलेल्या नायट्रेटपासून जिवाणू नायट्रोजन वायू करतात, त्याचे बुडबुडे होतात आणि पाण्यातला हीलियम-निऑन त्यांत ओढला जातो. दुरुस्ती केली नाही तर पाणी आहे त्याहून तरुण दिसतं. आयफेलच्या ज्वालामुखी भागात उलटी अडचण: तिथे प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या थरातून, येणारा हीलियम-३ पाण्यात मिसळतो. त्यातून ट्रिशियमचा वाटा वेगळा काढणं जवळपास अशक्य होतं.

भारतात राहून सुरुवात करायची असेल तर ट्रिशियमपासून करा. रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र इथे समस्थानिक जलविज्ञानाचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं. तिथली रीत वेगळी. पाण्याचं विद्युत अपघटन करून ट्रिशियम संहत करतात आणि द्रव प्रस्फुरण गणकात (लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये) त्याच्या क्षयातून निघणारे बीटा कण मोजतात. राजवायूंचं वस्तुमान-मापन शिकायला अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे उल्कांमधल्या वायूंवर काम झालं आहे. निर्वातातली शिस्त दोन्हीकडे तीच. बाहेर हायडेलबर्ग, ब्रेमेन, झुरिक, युटा इथल्या प्रयोगशाळांची संकेतस्थळं बघत राहा. अर्जात गुणांपेक्षा पंप, पाइप आणि झडपा हाताळल्याचा एक परिच्छेद जास्त उपयोगी पडतो, हे मी निवड करणाऱ्यांच्या बाजूने बसून पाहिलं आहे. त्रुटी पुढे कशा वाहत जातात त्याचं गणित पक्कं करा. वय सांगताना ± नंतरचा आकडा तुम्हाला समजावून सांगता आला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या आमच्या शेतावर गेले होते. काकांनी विचारलं, "तू जगाच्या पाण्याची वयं काढतेस, आपल्याचं काय?" उघड्या विहिरीचं तर निघणार नाही, कारण हीलियम पृष्ठभागावरून हवेत जातो. तिथे फक्त ट्रिशियम. बोअर दोनशे फुटांचा आहे. केसिंग, म्हणजे आतला पाइप, वरच्या मुरमापुरतं, खाली सगळा उघडा पाषाण. दोन-तीन भेगांतून वेगवेगळं पाणी येत असणार, पंप ते एकत्र उपसतो, आणि मी नळी भरली तर सरासरी वय येईल. ते त्यातल्या कुठल्याच पाण्याचं नसेल. भेगा कुठे आहेत ते कळलं तर पॅकर (बोअरचा एक भाग बंद करणारा फुगा) लावून एकेकीचं पाणी वेगळं घेता येईल. काकांना म्हटलं, रिगवाल्याने बोअर मारताना किती फुटांवर पाणी लागल्याचं लिहिलं होतं ती चिठ्ठी शोधा. ते घरात जाऊन ट्रंक उघडून बसले. चिठ्ठी मिळाली: ६५ आणि १८०.