इमल्शन उलटवताना पाण्याच्या दाटपणाकडे दुर्लक्ष: या चुका टाळा

सर्फॅक्टंट (तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून ठेवणारा पदार्थ) मिसळलेल्या तेलात थोडे थोडे पाणी सोडून तेलातील पाण्याचे इमल्शन (तेलात पाण्याचे बारीक थेंब पसरलेले मिश्रण) पाण्यातील तेलाच्या इमल्शनमध्ये (पाण्यात तेलाचे थेंब) उलटवताना, ठरल्या प्रमाणाला ते उलटले नाही की बहुतेक जण लगेच सर्फॅक्टंट बदलायला घेतात. माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण दोष अनेकदा पाण्याच्या श्यानतेत, म्हणजे दाटपणात, असतो.

झँथन गमसारखा पाणी दाट करणारा पदार्थ सुरुवातीलाच पाण्यात विरघळवला, तर पातळ तेलात पडलेले दाट पाणी फुटतच नाही. साध्या कर्तन प्रवाहात (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात अशा प्रवाहात) थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपटीहून अधिक झाली की थेंब किंचित लांबतो, स्वतःभोवती फिरत राहतो, पण तुटत नाही. बीकरच्या काचेशी मण्यांएवढे थेंब नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मग इमल्शन कधी उलटेल हे घटकांच्या प्रमाणाइतकेच ढवळण्याचा वेग आणि पाणी सोडण्याची गती यांवर अवलंबून राहते. म्हणून आधी पातळ पाण्याने इमल्शन उलटवून घ्यावे आणि राखून ठेवलेल्या पाण्यात फुलवलेला गम नंतर सावकाश मिसळावा.

दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी तोच प्रयोग गमशिवाय आणि दोन वेगवेगळ्या वेगांनी करावा. वेगाबरोबर उलटण्याचे प्रमाण सरकले, तर अडचण मिसळण्याची आहे. ते जागचे हलले नाही, तर मात्र सर्फॅक्टंट, क्षार आणि तापमान तपासावे.

गमऐवजी ग्लिसरीन वापरून केवळ श्यानता वाढवली असे समजणेही चुकीचे आहे. ग्लिसरीन इथॉक्सिलेटेड नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेल्या) सर्फॅक्टंटचा क्लाउड पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याचे द्रावण गढूळ होते तो बिंदू, खाली आणते, त्यामुळे इमल्शन उलटण्याचे तापमानही सरकू शकते आणि एकाच बदलात दोन कारणे मिसळतात.

श्यानता कोणत्या स्थितीत मोजली हेही नोंदवावे. २० अंश सेल्सिअसला साध्या पाण्याची श्यानता सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते, ती ६० अंशांना निम्म्याहून कमी होते. झँथनचे द्रावण तर वेगाने ढवळताच पातळ होते, त्यामुळे श्यानतामापकाच्या संथ फिरणाऱ्या स्पिंडलवरचा (दांड्यावरचा) आकडा मिक्सरमधील परिस्थिती सांगत नाही.

शेवटची चूक तपासणीतली आहे. उलटलेले इमल्शन पाण्यात पसरायला हवे, पण दाट इमल्शनचा थेंब पाण्यात टाकल्यावर तो पांढऱ्या गोळीसारखा तसाच राहतो आणि इमल्शन उलटलेच नाही असे वाटते. काडीने हलके ढवळून वाट पाहावी आणि विद्युतवाहकताही मोजावी (इमल्शन उलटून पाणी बाहेरच्या बाजूला आले की ती वाढते), त्यासाठी पाण्यात किंचित मीठ आधीपासूनच असावे.